एफबीडी घेताय? आधी जुलैची हवा मोजा

वसईच्या गाळ्यात बनलेला, अहमदाबादच्या वटव्यातून ट्रकने आलेला आणि जर्मनीहून बोटीने उतरलेला, असे तीन फ्लुइड बेड ड्रायर (एफबीडी, म्हणजे ओला माल गरम हवेने उचलून सुकवणारी यंत्रं) शेजारी उभे केले तर लांबून सारखेच दिसतात. खाली चाकांवरचा बाऊल, त्यावर रुंद होत गेलेला मधला भाग, वर कापडी पिशव्या, भिंतीपलीकडे ब्लोअर. किमतींत मात्र कित्येक पटींचं अंतर. आणि तिन्ही कोटेशनांवर पहिल्याच ओळीत एकच मजकूर: क्षमता १२० किलो.

खरेदीदार फसतो तो याच आकड्याने. ड्रायरचं काम पाणी उडवणं. तासाला किती पाणी उडेल हे आत येणाऱ्या हवेवर ठरतं, आणि मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यात ही हवा जानेवारीत एक असते, जुलैत भलतीच. औषध कारखान्यातला वेट ग्रॅन्युलेशनचा (पावडर ओली करून तिचे दाणे बनवण्याचा) ओला माल सुकवणारा बॅच एफबीडी डोळ्यांसमोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे. खाद्यपदार्थ, रंगद्रव्यं, डिटर्जंट यांच्या कारखान्यांतही तत्त्व हेच, फक्त तिथे बहुतेकदा सतत चालणारी, थरथरणाऱ्या पाटाची यंत्रं असतात.

माल रटरटतो म्हणजे काय

ब्लोअर यंत्राच्या शेवटी बसवलेला असतो, तो हवा ढकलत नाही, ओढतो. त्यामुळे सगळं यंत्र उणे दाबाखाली चालतं आणि कुठे फट राहिलीच तर पावडर बाहेर येण्याऐवजी खोलीतली हवा आत जाते. हवेचा प्रवास असा: प्री-फिल्टर, बारीक फिल्टर, वाफेची किंवा विजेची हीटिंग कॉइल, मग हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारा), तिथून बाऊलच्या तळाशी. तळाला भोकांची प्लेट आणि तिच्यावर डच वीव्हची घट्ट विणीची जाळी. ही जाळी दोन कामं करते, बारीक माल खाली गळू देत नाही आणि हवा सगळीकडे सारखी वाटते.

हवेचा वेग कमी असताना ती दाण्यांच्या फटींतून नुसती निघून जाते, माल जागेवरच. वेग वाढवत नेला की एका क्षणी हवेचा रेटा मालाच्या वजनाइतका होतो आणि सगळा थर उचलला जातो. चुलीवरचं पिठलं रटरटतं तसा माल रटरटायला लागतो. हा किमान वेग. त्याच्या बराच वर दुसरी मर्यादा आहे, तिथे दाणेच उडून पिशव्यांना चिकटतात. काम या दोन वेगांच्या मध्ये करायचं. नेहमीच्या टॅब्लेट ग्रॅन्युल्ससाठी बाऊलच्या तळाशी सेकंदाला १ ते २ मीटर हा वेग साधारण चालतो. सुरुवातीला माल ओला आणि जड म्हणून वेग जास्त लागतो. सुकत जाईल तसा डॅम्पर (हवा अडवणारी झडप) किंवा व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) तो उतरवावा लागतो. बाऊलच्या वरचा भाग रुंद ठेवतात त्याचं कारण हेच: क्षेत्रफळ वाढलं की वेग पडतो आणि उडालेले दाणे परत खाली येतात.

कुठली पावडर उचलली जाईल याची ढोबळ वर्गवारी डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये दाण्यांचा आकार आणि घनता यांवरून केली, ती आजही वापरात आहे. ए गटातली बारीक पावडर सहज फुगते, बी गटातली वाळूसारखी बुडबुडते, सी गटातली मैद्यासारखी चिकट पावडर उचललीच जात नाही, तिच्यात नुसती भोकं पडतात, आणि डी गटातले जाड दाणे कारंज्यासारखे उडतात. ओला माल यंत्रात येतो तेव्हा तो सी किंवा डीसारखा वागत असतो. पहिल्या दहा मिनिटांतली बहुतेक दुखणी इथूनच निघतात.

आता एक आकडा, जो ऑपरेटरपासून मालकापर्यंत सगळ्यांनी लक्षात ठेवावा. माल उचलला गेल्यावर थराच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक मालाचं वजन भागिले तळाचं क्षेत्रफळ इतकाच राहतो. १२० किलो कोरडा माल, त्यात २४ किलो पाणी, म्हणजे १४४ किलो. तळ ०.७ चौरस मीटर धरला तर फरक येतो साधारण २०० मिलिमीटर वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब). बाऊल वर रुंद होत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. हवा आणखी वाढवली तरी हा आकडा फारसा हलत नाही. बाऊल भरलेला असून मीटर १०० दाखवत असेल तर हवा मालाला बगल देऊन एखाद्या भोकातून पळते आहे असं समजा, वरच्या काचेतून उडणारा माल कितीही जोरकस दिसो. जाळी आणि प्लेट यांचा स्वतःचा अडथळा थराच्या अडथळ्याच्या ३० टक्क्यांच्या आसपास असावा. तो फार कमी असेल तर हवा जिथे माल पातळ तिथूनच जाते आणि भोक मोठं होत जातं.

पाणी कसं निघतं

सुकण्याचे दोन टप्पे. पहिल्यात दाण्याच्या पृष्ठभागावर मोकळं पाणी असतं. हवेची जवळजवळ सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात जाते, म्हणून आत ६० अंशांची हवा सोडली तरी माल ३० अंशांच्या आसपासच राहतो. दुसऱ्या टप्प्यात पाणी दाण्याच्या आतून बाहेर यायला वेळ घेतं, वेग मंदावतो आणि मालाचं तापमान वर सरकायला लागतं. ते वर सरकणं हाच सुकल्याचा सगळ्यात स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचा इशारा. घड्याळ पाहून बॅच बंद करण्याची सवय पावसाळ्यात महागात पडते, ती का ते पुढच्या हिशोबात दिसेल.

जुलैचा हिशोब

मुंबईतला जुलै: २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरू. एक किलो कोरड्या हवेत अंदाजे २० ग्रॅम पाणी. जानेवारीची दुपार: २५ अंश आणि ५० टक्के, म्हणजे १० ग्रॅम. दोन्ही हवा ६० अंशांपर्यंत तापवल्या तर पहिलीची सापेक्ष आर्द्रता १६ टक्के राहते, दुसरीची ८. तापवल्याने हवेतलं पाणी कमी होत नाही. "हीटर वाढवू, पावसाळ्यात काय होतंय" असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे वाक्य तेवढ्याच शांतपणे ऐकवावं.

ओल्या मालाचं तापमान पहिल्या टप्प्यात हवेच्या वेट बल्ब तापमानाशी (ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर त्या हवेत दाखवेल त्याच्याशी) बसतं. ६० अंशांना तापवलेल्या जुलैच्या हवेसाठी ते ३२ ते ३३ अंश येतं, जानेवारीच्या हवेसाठी सुमारे २७. म्हणजे उष्णता ढकलणारा फरक ३३ अंशांवरून साडेसत्तावीसवर आला. बाहेर पडताना हवा पूर्ण भिजली असं मानलं तरी किलोमागे जुलैत साडेअकरा ग्रॅम पाणी उचललं जातं, जानेवारीत तेरा. तासाला ३००० किलो हवा ओढणाऱ्या यंत्रात वरचे २४ किलो पाणी काढायला जानेवारीत ३७ मिनिटं, जुलैत ४२. ही कागदावरची कमीत कमी वेळ. हवा कधीच पूर्ण भिजून बाहेर पडत नाही, आणि दुसरा टप्पा यात धरलेलाच नाही. खरा फरक त्या दुसऱ्या टप्प्यात पडतो: १६ टक्के आर्द्रतेच्या हवेत स्टार्च किंवा सेल्युलोज असलेला माल एका ओलाव्यावर येऊन अडतो आणि मग अर्धा तास जास्त चालवला तरी एलओडी (सुकवल्यावर घटणारं वजन, म्हणजे मालात उरलेला ओलावा) हलत नाही. एलओडी १.५ टक्क्यांखाली हवा असेल तर काही उत्पादनं जुलैत सुकतच नाहीत. त्यात ऑपरेटरचा दोष नसतो.

उपाय एकच, हवा तापवण्याआधी कोरडी करणे. थंड पाण्याच्या कॉइलने हवा १२ अंशांपर्यंत उतरवली तर किलोमागे पावणेनऊ ग्रॅम पाणी उरतं. वर्षभर जानेवारी! पण त्याचा भार मोजा. ३००० किलो हवा २८ अंश आणि ८५ टक्क्यांवरून १२ अंशांवर आणायला सुमारे ३८ किलोवॅट थंडावा, म्हणजे जवळजवळ ११ टन रेफ्रिजरेशन. कॉइलवरून तासाला ३५ किलो पाणी टपकेल, त्याची नाली हवी. मग तीच हवा १२ वरून ६० वर तापवायला ४१ किलोवॅट, जिथे थंड न करता २८ अंशांवरून तापवायला २८ किलोवॅट पुरले असते. वाफेवर चालवत असाल तर ३ बारच्या वाफेचे तासाला ४७ किलोऐवजी ६९ किलो. चिलरला जागा, बॉयलरला कुवत आणि वीजजोडणीला मंजूर भार आहे का, हे ड्रायर निवडण्याआधी पाहायचं. अनेक गाळ्यांत तिसऱ्या मजल्यावर यंत्र चढतं आणि चिलर ठेवायला गच्चीची परवानगीच नसते.

११ टन परवडत नसतील तर दोन मधले मार्ग आहेत. ज्या उत्पादनांना खरंच कोरडी हवा लागते ती ऑक्टोबर ते मेमध्ये जास्त काढून ठेवणे, किंवा कॉइल १२ ऐवजी १६-१७ अंशांवर चालवणे. दुसऱ्यात थंडाव्याचा भार बराच उतरतो आणि नेहमीच्या मालाला तेवढं पुरतं.

कोटेशन कसं वाचायचं

बाजार तीन थरांचा आहे. वर ग्लॅट, जीईएसारख्या परदेशी कंपन्या. मध्ये मुंबईची एसीजी, ठाण्याची गॅन्सन्स यांसारखे जुने, निर्यात करणारे देशी कारखाने. आणि खाली वसई, पालघर, अंबरनाथ, भोसरी, वटवा, ओढव इथले असंख्य छोटे फॅब्रिकेटर, ज्यांतले काही उत्तम काम करतात आणि काही दुसऱ्याचं ड्रॉइंग मोजपट्टीने उतरवून घेतात. डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममुळे (औषध उत्पादनाच्या दर्जाचे सरकारी नियम) छोट्या औषध कारखान्यांनाही यंत्राची कागदपत्रं दाखवावी लागतात, त्यामुळे खालच्या थरातली स्पर्धा आता "यंत्र देतो" वरून "यंत्र आणि फायली देतो" इथे आली आहे. फाईल जाड असली म्हणजे यंत्र बरं असतं असं मात्र नाही.

तिन्ही थरांना एकाच तराजूत घालायचं असेल तर सगळ्यांना एकच प्रश्न लेखी पाठवा: आत येणारी हवा २८ अंश, ८५ टक्के, इनलेट ६० अंश, माल अमुक, घनता अमुक, तासाला किती किलो पाणी काढून द्याल आणि ते फॅक्टरी ॲक्सेप्टन्स टेस्टमध्ये (यंत्र पाठवण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात होणाऱ्या चाचणीत) दाखवाल का? जो आकडा देत नाही त्याच्याशी भावाची घासाघीस करण्यात अर्थ नाही. आकडा आला की यंत्राची किंमत त्याने भागा. किलोमागे नव्हे, तासाच्या पाण्यामागे दर काढला की स्वस्त वाटलेलं यंत्र बऱ्याचदा मधल्या थराच्या शेजारी जाऊन बसतं.

मग "१२० किलो" उलगडून घ्या. हा आकडा बहुधा ०.५ घनता धरून काढलेला असतो, म्हणजे २४० लिटर माल. तुमचे ग्रॅन्युल ०.३५ चे असतील तर त्याच बाऊलमध्ये ८४ किलो बसतात. बाऊलचं एकूण लिटर आणि कामाचं लिटर वेगळं लिहून मागा.

ब्लोअरच्या ओळीत नुसतं "२० एचपी" असेल तर ती ओळ अपुरी आहे. मोटर किती मोठी हे सांगितलं, हवा किती मिळेल हे नाही. थर २००, जाळी ६०, पिशव्या १२०, फिल्टर-कॉइल-डक्ट मिळून १००, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास विरोध असताना तासाला किती घनमीटर, हे पंख्याच्या आलेखासह मागा. पिशव्या आणि हेपा जुने होतात म्हणून ६०० वरचाही आकडा घ्या. तुमचा डक्ट गच्चीपर्यंत २० मीटर आणि पाच वळणांचा असेल तर तेही आधी कळवा, नंतरच्या भांडणात दोन्ही बाजू बरोबर ठरतात.

स्टीलच्या बाबतीत सगळेच ३१६ एल लिहितात. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ एलमध्ये ते २ ते ३ टक्के असतं. हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने केलेली पीएमआय (धातूतले घटक ओळखणारी) तपासणी भाड्याने मिळते, ती बाऊल, जाळीची रिंग आणि वेल्डच्या शेजारी तीन जागी करा. जाळी विसरू नका, पैसे तिथेच वाचवलेले असतात. आतल्या पृष्ठभागाची खरड ०.४ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणाचं माप) किंवा त्याखाली असावी आणि ती चकाकीवरून नव्हे, मीटरवर मोजून घ्यावी. बफिंगने चमक आणता येते, वेल्डमधली सुई-भोकं त्याने झाकली जातात, बुजत नाहीत.

पिशव्यांचं शेकिंग दोन प्रकारचं. एक कप्पा असेल तर पिशव्या झटकताना हवा थांबते आणि माल खाली बसतो. दोन कप्पे असतील तर एक झटकत असताना दुसऱ्यातून हवा चालू राहते. चिकट मालासाठी दुसऱ्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात. कोरड्या, जाड ग्रॅन्युल्ससाठी पहिला पुरतो आणि त्यात बिघडायला कमी असतं.

सॉल्व्हंटची बाब मात्र पैशाची नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ग्रॅन्युलेशन करत असाल तर हिशोब करून बघा. त्याची वाफ हवेत आकारमानाने २ टक्के झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेटण्याइतकी वाफ सुटते) १२ अंश. पाण्यापेक्षा त्याला वाफ व्हायला साधारण साडेतीन पट कमी उष्णता लागते, म्हणून जी हवा तासाला ३४ किलो पाणी उडवते ती सुरुवातीला तासाला सव्वाशे किलोच्या वेगाने अल्कोहोल उडवू शकते. ३००० किलो हवेत ते मिसळलं की आकडा थेट २ टक्क्यांजवळ जातो! अशा मालासाठी ज्वालारोधक मोटर आणि फिटिंग, धातूचे धागे विणलेल्या अँटिस्टॅटिक पिशव्या, प्रत्येक सुट्या भागाला अर्थिंग आणि एक तर २ बार सहन करणारं आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारा व्हेंट फ्लॅप असलेलं, नाहीतर १० ते १२ बार सहन करणारं बंद यंत्र लागतं. फ्लॅप उघडला की ज्वाळा कुठे जाणार हे बांधकामाच्या नकाशात दाखवायला सांगा. शेजारच्या गाळ्याच्या खिडकीकडे तोंड केलेले फ्लॅप बघायला मिळतात.

जुनं यंत्र घेणार असाल तर बाऊलच्या चमकेकडे पाहू नका. गॅस्केट (भागांमधली फट बंद करणारी, हवेने फुगणारी रबरी कडी) फुगवून साबणाचं पाणी लावा, जाळी उजेडासमोर धरा, ब्लोअरचं इंपेलर उघडून गंज बघा. तारापूर-बोईसर भागात खारी हवा आणि शेजारच्या कारखान्यांचं आम्ल मिळून गच्चीवरचं केसिंग लवकर पोखरतं, आतलं यंत्र कितीही नीट असो.

चालवण्याची रीत

बॅच घेण्याआधी पिशवी उजेडात तपासा, टाका न टाका. भोक टाचणीएवढं असलं तरी बारीक माल तिथूनच जाणार, आणि तो बहुधा औषधाचा जास्त अंश असलेला माल असतो. पिशवीच्या रिंगेचे क्लॅम्प, गॅस्केटचा हवेचा दाब आणि अर्थिंगची वायर पाहून घ्या. अर्थिंगचा रोध १० ओमच्या आत हवा. गॅस्केट फुगल्याशिवाय ब्लोअर चालू होता कामा नये, हा इंटरलॉक कोणी तार जोडून बायपास केलेला नाही याची खात्री रोज करावी. घाईच्या शिफ्टमध्ये पहिला बळी तोच असतो.

रिकामं यंत्र दहा मिनिटं ठरलेल्या तापमानावर चालवा. ग्रॅन्युलेटरमधून निघालेला ओला माल थेट बाऊलमध्ये ओतू नका, ६ ते ८ मिलिमीटरच्या चाळणीतून किंवा वेट मिलमधून काढा. सुपारीएवढा गोळा बाहेरून कडक होतो आणि आत ओलाच राहतो. मग तो मिलिंगमध्ये फुटतो आणि तोवर बरोबर असलेली एलओडी अचानक वर जाते. बाऊल अर्ध्यापासून दोन तृतीयांशपर्यंत भरा. अगदी कमी मालातही हवा भोक पाडून निघून जाते, त्यामुळे बॅच अर्धी केली की वेळ अर्धा होईल असं समजू नका.

आधी न तापवलेल्या हवेवर ५ ते १० मिनिटं. या वेळात पृष्ठभागाचं पाणी उतरतं आणि दाणे एकमेकांपासून सुटतात. सॉल्व्हंटच्या मालात तर ही पायरी वगळायचीच नाही. मग तापमान पायरीपायरीने ६० पर्यंत, मालाला सोसेल तसं. शेकिंग सुरुवातीला दर ३० सेकंदांनी ५-७ सेकंद, नंतर मिनिटाला एकदा पुरतं.

साधारण १५ मिनिटांनी यंत्र थांबवून बाऊल बाहेर काढा, माल स्टीलच्या पळीने वरखाली करा, कडेला आणि जाळीवर बसलेला थर सोडवा, गोळे दिसले तर काढून चाळा. काही जण हे टाळतात, आधुनिक यंत्रात गरज नाही म्हणतात. माल एकसारखा रटरटत असेल तर खरंच नाही. पण नव्या उत्पादनाच्या पहिल्या तीन बॅचेसमध्ये उघडून बघितल्याशिवाय तो रटरटतोय हे कळायचं कसं?

मालाचं तापमान पहिल्या टप्प्यातल्या स्थिर आकड्यापेक्षा ८-१० अंश वर गेलं की नमुना घ्या. वरून, मधून आणि जाळीलगतच्या कडेतून, असे तीन. मॉइश्चर बॅलन्सवर बहुधा १०५ अंशांना, पण उत्पादनाच्या कागदावर दुसरं तापमान असेल तर तेच. तिन्हींत अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त फरक असेल तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, हवा एका बाजूने जाते आहे.

आता थंड करणं, आणि इथे पावसाळा पुन्हा डोकं वर काढतो. हीटर बंद करून हवा चालू ठेवायची, माल ३० अंशांवर आला की उतरवायचा, अशी पद्धत कागदावर लिहिलेली असते. जुलैत कोरडी करणारी कॉइल नसेल तर हीटर बंद केल्यावर आत येते ती ८५ टक्के आर्द्रतेची हवा. वीस मिनिटं ती मालातून गेली की सुकवलेला माल पुन्हा ओलावा धरतो. एलओडी थंड करण्याआधी पास आणि नंतर फेल, हे कोडं दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कारखान्यात पडतं. ४० अंशांच्या आसपास थांबा, माल दुहेरी पॉलिथिनमध्ये बांधून ड्रममध्ये ठेवा आणि तिथेच थंड होऊ द्या. पद्धतीच्या कागदात हा बदल आधी मंजूर करून घ्यावा लागेल.

काय बिघडतं

हवा अचानक कमी पडली की आधी पिशव्यांवरचा दाब बघा. तो नेहमीपेक्षा दुप्पट असेल तर पिशव्या चोंदल्यात: शेकिंग सिलिंडरला हवा कमी मिळते, किंवा धुऊन पुरती न वाळलेली पिशवी लावली आहे. पावसाळ्यात दुसरं कारण पहिल्यापेक्षा जास्त भेटतं. पिशव्यांवरचा दाब नेहमीपेक्षा कमी आणि ब्लोअर गरगरतोय तरी माल उचलत नसेल, तर पंखा उलटा फिरत नाही ना ते पाहा. केबलचं काम झाल्यावर दोन फेज अदलाबदल होतात. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ओढतो, फक्त बरीच कमी, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दिवसभर फिल्टर बदलत बसण्याआधी मोटरवरचा बाण पाहायला एक मिनिट लागतं.

इनलेट तापमान चढतच नसेल तर स्टीम ट्रॅप (कॉइलमधलं पाणी बाहेर सोडणारी झडप) बघा. तो अडकला की कॉइलमध्ये पाणी साचतं आणि अर्धी कॉइल थंड राहते. तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर उड्या मारत असेल तर झडप गळते किंवा सेन्सर कॉइलला फार जवळ आहे. सेन्सरच्या तोंडाशी मालाचा थर चिकटला असेल तर मालाचं तापमान खोटं कमी दिसतं आणि बॅच जास्त सुकते. जास्त सुकलेला माल पुढे कॉम्प्रेशनला गोळीचं टोपण उडवतो, म्हणजे तिचा वरचा थर सुटतो, दोष मात्र तिथल्या ऑपरेटरवर येतो.

बारीक माल खूप वाढलेला दिसला तर शेवटच्या टप्प्यात हवा उतरवली नव्हती, दाणे एकमेकांवर आपटून झिजले. पिशव्यांना माल चिकटून राहतो आणि हात लावला की झटका बसतो, ही स्थिर वीज. ती कोरड्या जानेवारीत जास्त. कारण बहुधा हे: पिशवीतले धातूचे धागे तुटलेत किंवा त्यांची वायर बाऊलशी जोडलीच नाही. आणि छपरावरच्या एक्झॉस्टच्या तोंडाखाली पांढरी पूड दिसली तर त्याच क्षणी यंत्र थांबवा. पिशवी फाटली आहे, आणि उडून गेलेला माल बॅचच्या वजनातून वजा झालेला असणार.

एक्झॉस्टचं तोंड खाली वळवलेलं आहे का आणि आत येणाऱ्या हवेच्या जाळीपासून ते लांब आहे का, हे मेमध्येच बघून ठेवा. छपरावर दोन्ही शेजारी असले की यंत्र स्वतःचीच ओली हवा पुन्हा ओढतं आणि कोणत्याही कंपनीचा ड्रायर तिथे हरतो.

सुट्या भागांत सगळ्यात आधी पिशव्या. प्रत्येक उत्पादनाला वेगळे तीन संच ठेवा, एक यंत्रावर, एक धुण्यात, एक वाळलेला. कोटेशनमध्ये बहुधा एकच संच असतो. उरलेल्या दोनांचा भाव ऑर्डर देण्याआधी लिहून घ्या, कारण ऑर्डर दिल्यावर पिशवीचं माप फक्त त्याच कारखान्याकडे असतं आणि भावही.